वरळीत नक्की किती वाजले? 'डेट' कमांड आणि मुंबईची ३९ मिनिटं

हे आजच्या एपिसोडचं शब्दांकन. ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकू येत नाही त्यांनी वाचा, ज्यांना वाचायचा कंटाळा येतो त्यांनी ऐका.

आधी एक काम करा. फोनच्या सेटिंगमध्ये जा, 'तारीख आणि वेळ' उघडा आणि टाइम झोन काय दिसतो ते बघा. कुठे 'इंडिया स्टँडर्ड टाइम' असेल, कुठे थेट 'कोलकाता'. कुठल्या वेबसाइटवर फॉर्म भरताना झोन निवडायची वेळ आली, तर 'एशिया'च्या खाली मुंबई शोधूनही सापडत नाही, कोलकाताच निवडावं लागतं. मी राहते वरळीत. समोर अरबी समुद्र, मागे बीडीडी चाळी, आणि घड्याळ कोलकात्याचं. हे असं का, याचं उत्तर शोधायला गेलं की दोन गोष्टी एकत्र येतात. एक, कंप्युटरवरची 'डेट' नावाची छोटीशी कमांड. दुसरी, गिरणगावात १९०६ साली घड्याळावरून झालेला राडा.

आधी कमांड. कंप्युटरवर ती काळी खिडकी असते ना, जिच्यात माउस न वापरता टाइप करून हुकूम द्यायचे, तिच्या आत जो प्रोग्राम आपलं ऐकतो त्याला शेल म्हणतात. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स नावाचं अ‍ॅप टाकलं तर तुमच्या खिशातही शेल येतं. त्यात इंग्रजीत 'डेट' हे चार अक्षरांचं नाव टाइप करून एंटर मारा. वार, महिना, तारीख, वेळ आणि झोन, सगळं एका ओळीत येतं. मी इथे कमांडचे उच्चार लिहितेय, टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरंच वापरायची.

ही कमांड तुमच्या-माझ्यापेक्षा म्हातारी आहे. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ मधलं, आणि त्यात 'डेट' आहे. तेव्हा मशीन वेळ कशी मोजायचं? १ जानेवारी १९७१ पासून एका सेकंदाचे साठ भाग करून, ते भाग मोजत बसायचं. त्यासाठी जागा होती ३२ बिट. हिशेब केला तर एवढी जागा साधारण सव्वादोन वर्षांत भरून जाते. मग पद्धत बदलली. १ जानेवारी १९७०, ग्रिनिचची मध्यरात्र हा शून्य क्षण धरला आणि पूर्ण सेकंद मोजायला सुरुवात केली. त्या क्षणी आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते. आजही तुमच्या फोनच्या पोटात वेळ म्हणजे हाच सेकंदांचा एक लांबलचक आकडा आहे. त्यात वार नाही, महिना नाही, सकाळ-संध्याकाळ नाही आणि मुंबई-कोलकाताही नाही.

हा आकडा माणसाला वाचता येईल असा करून दाखवणं, याला म्हणतात फॉरमॅटिंग. 'डेट'पुढे अधिक चिन्ह द्यायचं आणि टक्क्याच्या चिन्हाला जोडून अक्षरं लिहायची. टक्का कॅपिटल वाय म्हणजे चार आकडी साल. टक्का स्मॉल एम म्हणजे महिना, टक्का स्मॉल डी म्हणजे तारीख. टक्का कॅपिटल एच तास, टक्का कॅपिटल एम मिनिटं. टक्का कॅपिटल ए म्हणजे वाराचं पूर्ण नाव, आणि लिनक्सवर मराठी लोकेल बसवलेलं असेल तर ते चक्क 'सोमवार' असं देवनागरीत येतं. बँकेच्या मेसेजमधली वेळ असो की तुमच्या फोटोच्या फाइलच्या नावातली तारीख, कुठेतरी आत याच प्रकारचा साचा काम करत असतो.

आता गंमत अशी की बरीच वर्षं 'डेट' हा शेलच्या बाहेरचा प्रोग्राम होता. शेलला वेळ हवी असली की ते दुसऱ्याला हाक मारायचं. एकदा हाक मारली तर काही बिघडत नाही. पण समजा स्क्रिप्ट दहा हजार ओळींच्या प्रत्येक ओळीपुढे वेळ छापतेय. म्हणजे दहा हजार वेळा नवा प्रोग्राम सुरू करायचा, वेळ विचारायची, तो बंद करायचा. घरात घड्याळ नाही म्हणून दर मिनिटाला शेजाऱ्याची बेल वाजवण्यातला प्रकार. कॉर्न शेलच्या १९९३ च्या आवृत्तीच्या वंशात ही सोय आतच आली. लिनक्सवर सगळ्यात जास्त वापरलं जाणारं बॅश हे शेल १९८९ पासूनचं, त्यात ती यायला २०११ उजाडलं. बॅश ४.२ या आवृत्तीत 'प्रिंटएफ' या आतल्या कमांडला तारखेचा साचा समजायला लागला. कंसात साचा लिहायचा, मग कॅपिटल टी. त्यापुढे वजा एक दिलं तर 'आत्ता' आणि वजा दोन दिलं तर 'हे शेल सुरू झालं तेव्हा'. छोटीशी सोय, पण शेलला पहिल्यांदा स्वतःच्या मनगटावर घड्याळ मिळालं.

आता मूळ मुद्दा. साल, महिना, तास हे सगळं गणिताने निघतं. पण साच्यात आणखी दोन अक्षरं आहेत. टक्का स्मॉल झेड लिहिलं की आपल्याकडे '+०५३०' येतं. म्हणजे ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढे. आणि टक्का कॅपिटल झेड लिहिलं की 'आयएसटी'. हे साडेपाच कुठून आले? ते सेकंदांच्या आकड्यात नाहीत. ते कुणीतरी ठरवलेले आहेत, आणि कुणी, कधी, काय ठरवलं याची जगभरची यादी एका फाइलच्या संग्रहात ठेवलेली आहे. तिला टाइम झोन डेटाबेस म्हणतात. १९८० च्या दशकात आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो सुरू केला, पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळला. तुमचा फोन, बँकेचा सर्व्हर, रेल्वे तिकिटाचं अ‍ॅप, सगळे वेळ छापण्याआधी याच यादीत डोकावतात.

या यादीचा एक नियम आहे. १९७० नंतर ज्या दोन गावांची घड्याळं कायम एकसारखी चालली, त्यांना वेगळा झोन द्यायचा नाही. १९७० पासून मुंबई आणि कोलकाता यांची वेळ एकच. म्हणून अख्ख्या भारताला एक नोंद, आणि तिचं नाव एशिया/कोलकाता. इतकं साधं. कुणी मुद्दाम मुंबईवर अन्याय केलेला नाही.

पण १९७० च्या आधी?

लिनक्सच्या मशीनला झोन कोलकाता देऊन विचारा की १९०५ साली डिसेंबरमध्ये इथला फरक किती होता. उत्तर येतं '+०५२१', आणि झोनचं नाव एमएमटी, म्हणजे मद्रास मीन टाइम. १ जानेवारी १९०६ पासून पुढे विचारा, '+०५३०' येतं. मशीन ठामपणे सांगतं. आणि मुंबईपुरतं बोलायचं तर दोन्ही उत्तरं अर्धीच आहेत.

थोडं शाळेतलं भूगोल आठवा. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. वरळी साधारण ७२.८ अंश पूर्व रेखांशावर. गुणिले चार केलं की २९१ मिनिटं, म्हणजे चार तास एक्कावन्न मिनिटं. हा झाला 'बॉम्बे टाइम', मुंबईच्या सूर्याचा टाइम. प्रमाणवेळेचा रेखांश मात्र साडेब्याऐंशी अंश, उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणारा. गुणिले चार, ३३० मिनिटं, साडेपाच तास. दोन्हीतला फरक ३९ मिनिटं. आजही मे महिन्याच्या मध्यावर मुंबईत 'शून्य सावली'चा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली पायाशी गोळा होते. ते घड्याळात बाराला होत नाही, १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास होतं. सूर्याने अजून स्टँडर्ड टाइम मानलेला नाही!

एकोणिसाव्या शतकात प्रत्येक मोठ्या गावाची वेळ अशी आपापली होती. रेल्वे आणि तार आली आणि पंचाईत झाली. कल्याणला एक वेळ आणि पुढच्या स्टेशनला दुसरी, असं वेळापत्रक छापणार कसं? म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ धरली. मद्रासला १७९२ पासूनची वेधशाळा होती, आणि मद्रासची वेळ मुंबई आणि कलकत्ता यांच्या वेळांच्या मध्ये पडायची. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी ठरवलं की मुंबईतही सरकारी कामकाज मद्रास टाइमवर चालवायचं. म्हणजे शहराचं घड्याळ अर्धा तास पुढे.

लोक भडकले. व्यापारी, महापालिका, वर्तमानपत्रं, सगळेच. युक्तिवाद असा की लोकांना न विचारता लोकांची वेळ बदलताच कशी? वाद विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरपर्यंत गेला. मोठ्या घड्याळाच्या दिव्यांचा खर्च सरकार देणार, तर त्याने वेळ कुणाची दाखवायची? विद्यापीठाच्या सिनेटने कौल दिला बॉम्बे टाइमच्या बाजूने. १८८३ मध्ये सरकारने हुकूम मागे घेतला. रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावत राहिली आणि शहर स्वतःच्या वेळेवर.

म्हणून १९०५ चं '+०५२१' हे मशीनचं उत्तर स्टेशनवरचं आहे. तेव्हा वरळीत राहणाऱ्या माणसाचं उत्तर होतं '+०४५१'.

मग आलं १९०६. १ जानेवारीपासून इंडियन स्टँडर्ड टाइम लागू झाला. हा काळ कोणता ते लक्षात घ्या. ऑक्टोबर १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली होती, स्वदेशीची चळवळ पेटली होती. सरकारकडून येणाऱ्या कुठल्याही हुकमाकडे लोक संशयाने बघत होते. आणि गिरणगावात तर याहून जवळचं कारण होतं.

गिरणी कामगाराकडे स्वतःचं घड्याळ नसायचं. त्याचा दिवस उजाडायचा भोंग्याने. आणि भोंगा मालकाचा. आता घड्याळ ३९ मिनिटं पुढे केलं, म्हणजे भोंग्यावरचे सहा हे आकाशातले पाच वाजून एकवीस मिनिटं. अंधारात उठायचं, अंधारात निघायचं. तुम्ही म्हणाल, सुटीही तेवढीच लवकर होणार ना? कागदावर हो. पण गिरण्यांत नुकतेच विजेचे दिवे आले होते आणि सूर्य मावळला तरी यंत्रं चालू ठेवता येत होती. पुरुष कामगाराने दिवसाला जास्तीत जास्त किती तास काम करावं याला तेव्हा कायद्याची मर्यादाच नव्हती, ती १९११ च्या फॅक्टरी कायद्याने आली, तीसुद्धा बारा तासांची. आठवड्यातून एक दिवस, रविवार, सुटी असावी एवढ्यासाठी नारायण मेघाजी लोखंड्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं, ती १८९० मध्ये मिळाली. अशा माणसांना सांगितलं की घड्याळ आम्ही पुढे करतोय, तुमचं काही बिघडणार नाही. ते का विश्वास ठेवतील?

जानेवारी १९०६ मध्ये हजारो गिरणी कामगारांनी कामाला हात लावायला नकार दिला. जेकब ससून मिलवर दगड पडले. शहरात सभा झाल्या, हजारो लोकांनी अर्जांवर सह्या केल्या. महापालिकेने बॉम्बे टाइम सोडला नाही. आणि मग जे झालं ते आज ऐकायला विचित्र वाटतं. पुढची चाळीसहून जास्त वर्षं, स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही, १९५० च्या दशकापर्यंत, या शहरात दोन वेळा एकत्र नांदल्या. रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या स्टँडर्ड टाइमवर. महापालिकेची घड्याळं, बरीच दुकानं आणि घरं बॉम्बे टाइमवर. 'पाच वाजता भेटू' म्हटलं की विचारायचं, कुठले पाच? वरळी कोळीवाड्यात तर तिसरंच घड्याळ, तिथीचं. उधाण कधी आणि भांग कधी, यावर होडी निघायची. भरतीला ना मद्रास माहीत ना मिर्झापूर.

एक उदाहरण धरू. वरळीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. समजा त्यातल्या एका खोलीत १९३५ साली एक मूल जन्माला आलं आणि कुणीतरी वहीत लिहिलं, 'सकाळी ६ वाजता'. कुठले सहा? स्टँडर्डचे असतील तर सहा. बॉम्बे टाइमचे असतील तर आजच्या हिशेबात सहा एकोणचाळीस. पत्रिका मांडणाऱ्याला हा फरक महत्त्वाचा, म्हणून जुन्या मुंबईकरांच्या जन्मवेळेबद्दल हा प्रश्न अजूनही विचारला जातो. पत्रिका मानू नका हवं तर, मीही मानत नाही. पण हाच प्रश्न दवाखान्याच्या नोंदीला लागू आहे, अपघाताच्या नोंदीला लागू आहे, संपाच्या दिवशी पहिला दगड किती वाजता पडला यालाही लागू आहे. त्यात महायुद्धाची भर. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ देशाचं घड्याळ आणखी एक तास पुढे होतं, साडेसहा तास. हे मात्र मशीनला माहीत आहे. १९४३ ची तारीख द्या, '+०६३०' छापून येतं.

मग बॉम्बे टाइम त्या डेटाबेसमध्ये अजिबातच नाही का? आहे. आणि मला या सगळ्या गोष्टीतली हीच जागा सगळ्यात जास्त लागते. आशिया खंडाची फाइल उघडली की भारताच्या नोंदीच्या वरच्या बाजूला टिपा आहेत. त्यात 'द अटलांटिक' मासिकाच्या संकेतस्थळावरच्या २०१५ च्या एका लेखाचा उतारा आहे, आणि त्यात मुंबईच्या गिरणी कामगारांचा १९०६ चा उठाव आहे. पण त्या ओळी हॅशच्या चिन्हाने सुरू होतात. प्रोग्रामरला माहीत असतं, हॅशने सुरू होणारी ओळ माणसासाठी असते. मशीन ती वगळून पुढे जातं. म्हणजे या यादीत कामगार आहेत, पण घड्याळ त्यांचं ऐकत नाही.

यात यादी सांभाळणाऱ्यांचा दोष काढायचा नाहीये. उलट त्यांनी ती टीप ठेवली म्हणून आपल्याला सापडते. एका शहरात एकाच वेळी दोन वेळा चालू असतील तर 'किती वाजले' याचं एकच उत्तर छापणारी कमांड काय करणार? तिला साच्यात एकच जागा आहे. त्या जागेत रेल्वेची आणि सरकारची वेळ बसली, कारण तिचे हुकूम निघाले, तारखा ठरल्या, गॅझेटं छापली गेली. चाळीतल्या वेळेचं गॅझेट नव्हतं. मला सांगायचंय ते एवढंच, की वेळ छापणं हे नुसतं गणित नाही. टक्का झेडच्या जागी जे येतं तो एक निर्णय असतो. जिथे निर्णय असतो तिथे कुणाचं तरी ऐकलेलं असतं आणि कुणाचं तरी राहून गेलेलं असतं. आजही आसामच्या चहाच्या मळ्यांत 'बागान टाइम' चालतो, आयएसटीच्या एक तास पुढे. तोही फोनच्या यादीत सापडणार नाही.

आता तुमच्यापैकी जे कोडिंग शिकतायत, त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी.

पहिली. लॉगमध्ये किंवा फाइलमध्ये वेळ लिहाल तेव्हा नुसते '०६:००' लिहू नका. पुढे '+०५३०' जोडा. एक अक्षर जास्त टाइप करावं लागतं, स्मॉल झेड. चाळीतल्या त्या वहीत सहाच्या पुढे कुणी 'बॉम्बे' किंवा 'स्टँडर्ड' असा एक शब्द लिहिला असता तर आज प्रश्नच पडला नसता.

दुसरी गोष्ट मजेची. यादीत नसला तरी बॉम्बे टाइम आजही चालवता येतो. शेलमध्ये 'डेट'च्या आधी कॅपिटलमध्ये टीझेड लिहा, बरोबरचं चिन्ह, मग बीओएम, वजा चिन्ह, चार, कोलन, एक्कावन्न. जागा सोडा, 'डेट' लिहा, एंटर. इथे चिन्ह उलटं असतं, ग्रिनिचच्या पूर्वेकडच्या गावांना वजा लिहायचं, ही युनिक्सची जुनी खोड. मशीन कुरकुर न करता ३९ मिनिटं मागची वेळ छापेल आणि शेजारी लिहील, बीओएम. दुपारी फोनमध्ये १२:३९ झाले की हे करून बघा. बरोबर बारा दिसतील. वरळी सी फेसवर उभे असाल तर वर बघा, सूर्यही जवळपास तेच सांगत असेल.

तुमच्या घरात आजी-आजोबांच्या जन्मवेळेची, लग्नाची किंवा गिरणीतल्या हजेरीची जुनी नोंद असेल आणि तिच्यावर वेळ लिहिलेली असेल, तर ती कुठली वेळ आहे हे त्यांना आत्ताच विचारून घ्या, आणि शेजारी लिहून ठेवा. ही माहिती मशीनकडे नाही, फक्त त्यांच्याकडे आहे. सापडलं काही तर मला जरूर कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.